चार खतावण्यांवरचा मॉनिटर

काकू एका पतसंस्थेत हिशेब बघतात, वय 54. माझ्या दवाखान्यात पहिल्यांदा आल्या तेव्हा गळ्यात पट्टा, हातात एक्स-रेचं पाकीट. "मानेत गॅप आलाय." पन्नाशी उलटलेल्या बहुतेकांच्या एक्स-रेत असं काहीतरी दिसतंच, मान दुखो वा न दुखो. हातांना मुंग्या नव्हत्या, पकड शाबूत होती. मी नेहमीचं सांगितलं: पट्टा सोडा, हनुवटी आत ओढायचा व्यायाम करा, स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत आणा.

तीन आठवड्यांनी त्या आणखी अवघडून आल्या. "तुझं ऐकलं आणि वाट लागली गं!"

व्यायाम करून दाखवायला सांगितला, बिनचूक केला. एकच गोष्ट खटकत होती. मान खाली घालून काम करणाऱ्यांचं दुखणं बहुधा खांद्याकडे उतरतं. काकूंचं कवटीच्या अगदी खाली. तिथे बोटं दाबली की कळ थेट कपाळात.

संस्था दवाखान्यासमोरच. दुपारी डबा आटपून गेले.

माझा सल्ला त्यांनी मनापासून पाळला होता. मॉनिटर चार जुन्या, जाडजूड खतावण्यांवर चढवलेला. आकडे वाचायला लागल्या आणि हनुवटी वर, डोकं मागे, तोंड किंचित उघडं. नाकावर बायफोकल! जवळचा नंबर काचेच्या खालच्या अर्धचंद्रात. स्क्रीन जितकी वर, तितकी मान मागे टाकावीच लागणार, तीही आठ तास. दवाखान्यात मात्र त्यांचा चष्मा पर्समध्ये असायचा. आणि मी कधी विचारलंच नव्हतं.

"काकू, चूक माझी आहे."

"मग आता निस्तर."

खतावण्या काढल्या, मॉनिटर टेबलावर घेऊन किंचित मागे कलता केला. खुर्ची वर घेतली तर पाय लोंबकळायला लागले, म्हणून त्याच खतावण्या पायाखाली सरकवल्या. (काकूंनी आधी त्यांना नमस्कार केला.) शिपायाकडून टेप मागवून डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर मोजलं: 65 सेंटिमीटर. ते चिठ्ठीवर लिहून दिलं, चष्मेवाल्याला दाखवायला. कॉम्प्युटरपुरता वेगळा, एकाच नंबरचा चष्मा.

दीड महिन्यानं काकू आल्या. पूर्वी स्कूटी मागे घेताना अख्खं अंग वळवायच्या. आता नुसती मान वळवून बघतात म्हणाल्या. जाताना पट्टा टेबलावर ठेवला.

"कुणाला लागला तर दे. सहाशेचा आहे, फुकट नको घालवू."