पालखीचा भार

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना आमच्या शाळेतून दरवर्षी मुलं बसायची. वस्तुचित्राला तांब्या-पेला, स्मरणचित्राला बाजार नाहीतर शिमग्याची पालखी. पालखीचा साचा ठरलेला: मधोमध पालखी, दोन्हीकडे खांदेकरी, मागे कौलारू देऊळ, कोपऱ्यात माड. मार्क बरे पडत. आमच्या चित्रकलेच्या सरांचं तेवढ्यावर भागत नसे.

नववीत शिमग्याच्या सुट्टीनंतर त्यांनी बाक भिंतीला सरकवले, पाठकोरे कागद जोडून जमिनीवर अंथरले आणि प्रत्येकाच्या हातात कोळसा दिला. म्हणाले, "पालखी काढू नका रे. ती नाचताना खांद्याला काय होतं, तेवढंच काढा." खांदा दिलेल्याला ते ठाऊक असतं. ढोलाचा ठेका वाढला की दांडा उसळतो, क्षणभर भार नाहीसाच होतो आणि लगेच दुपटीने खांद्यावर येऊन बसतो. माझ्या शेजारच्या मुलाने ओणव्याने, कमरेतून झुलत रेघ ओढली. भार बसे तिथे कोळसा दाबला जाऊन चुरा पडे, रेघ जाड, फाटल्यासारखी होई. दांडा उसळे तिथे ती कागदाला जेमतेम शिवे. त्यात ना पालखी, ना देव, ना माणूस. तरी बघता बघता आमचे खांदे हलायला लागले.

त्याच तासाला जॅक्सन पोलॉकचं नाव पहिल्यांदा कानावर पडलं. हा अमेरिकन चित्रकार १९४७ च्या सुमारास कॅनव्हास जमिनीवर पसरून, चहूबाजूंनी फिरत त्यावर पातळ रंग ओतू-शिंपडू लागला. हात झपकन फिरला तर धार बारीक, रेंगाळला तर तिथे रंगाचं थारोळं. म्हणजे त्याच्या अंगाची हालचालच कॅनव्हासवर राहिली.

खारवीवाड्यातल्या एका मुलीच्या कागदावर मात्र एकही वेगवान रेघ नव्हती. तिने आडवा कोळसा फिरवून सगळा कागद काळा केला आणि तळहाताने हळूहळू पुसत राहिली. तिचे वडील मच्छीला गेलेले, होडी अजून बंदरात लागली नव्हती. सरांनी काही विचारलं नाही. वाट बघणं तसंच्या तसं त्या करड्या रंगात उतरलं होतं. होडी दुसऱ्या दिवशी आली.

पुढे मुंबईत चित्रकार वासुदेव गायतोंड्यांच्या चित्रासमोर उभा राहिलो तेव्हा मला तो करडा कागद आठवला. रोलरने आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवायचे, काही उतरवायचे, अशी त्यांची रीत. तिथे गती आहे, पण अगदी संथ. आणि अमूर्त, म्हणजे ओळखीचा आकार न काढणाऱ्या, चित्रकलेतलं मोठं नाव, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात अनेक वर्षं ज्यांनी शिकवलं ते प्रभाकर कोलते, यांचा जन्म तर आपल्या सिंधुदुर्गातल्या नेरूरपारचा, १९४६ चा. हे आपल्या मुलांना माहीत असायलाच हवं.

"यातलं आपल्याला काही कळत नाही बुवा," असं या चित्रांबद्दल गावात अजून ऐकू येतं. शिमग्याच्या ढोलाला कुणी अर्थ विचारतं का? पाय आपोआप उचलतात. चित्रासमोरही तसंच उभं राहावं, घाई न करता.

शाळेची नवी इमारत उभी राहते आहे असं कळलं. चित्रकलेच्या वर्गात बाक घालू नयेत, जमीन मोकळी ठेवावी, एवढं संचालक मंडळाला कळकळीचं सांगणं आहे. कागदाचा आणि कोळशाचा दरवर्षीचा खर्च मी देईन.