काना रुसला

सकाळपासून लॅपटॉपवर काना उमटेना. इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड-मांडणीत 'आ' आणि काना दोन्ही इंग्रजी ई च्या बटणावर, आणि नेमकं तेच मेलेलं. आईला व्हॉट्सॲपवर विचारलं 'मामा आले का?', गेलं 'मम ले क?' तिचा लगेच फोन, "बरा आहेस ना रे?"

रीस्टार्ट झालं, कीबोर्डचा ड्रायव्हर (तो चालवणारं सॉफ्टवेअर) काढून परत टाकला. ढिम्म. शेवटी विंडोज-कंट्रोल-ओ दाबून स्क्रीनवरचा कीबोर्ड उघडला, तर तिथे काना झकास! म्हणजे सॉफ्टवेअर निर्दोष, बटणच गुन्हेगार. मशीन बंद करून जीव मुठीत धरून बटण उचकटलं (तुम्ही करू नका, बटण धरून ठेवणारी खालची कात्रीसारखी प्लॅस्टिकची पट्टी पटकन तुटते). रबराच्या टोपीशेजारी चिवड्यातल्या डाळ्याचा तुकडा.

चिवडा दिवाळीचा. आत्ता जुलै चालू आहे.