तुम्ही विचारलंत म्हणून : ज्वारीच्या दाण्याहून लहान खडक

कार्बोनेटयुक्त खडकांवर, म्हणजे चुनखडीसारखी कार्बन धरून ठेवणारी खनिजे असलेल्या खडकांवर, मी उच्च दाबाचे प्रयोग करतो असे कळले की एक प्रश्न हमखास येतो : ज्वारीच्या दाण्याहूनही लहान नमुना दाबून, एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो तिथे शेकडो किलोमीटर खोलीवर काय घडते, ते कसे कळणार?

आकाराची मला फारशी चिंता नसते. कोणते खनिज टिकेल आणि कोणते वितळेल हे दाब, तापमान व रासायनिक घटक ठरवतात, खडकाचे आकारमान नव्हे. सुमारे ३०० किलोमीटर खोलीवरचा दाब १० गिगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या जवळपास एक लाख पट असतो. तो मिळवण्यासाठी टंगस्टन कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाच्या, कोपरे कापलेल्या आठ ठोकळ्यांमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडचा अष्टफलक (आठ बाजूंचा ठोकळा) धरून दाबतात, आणि त्याच्या पोटात इवलीशी भट्टी, थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) व नमुना भरलेली मौल्यवान धातूची कुपी असते.

खरी चिंता कुपीत काय भरले याची. पहिल्याच वर्षी मी एक नमुना सवयीने पाण्याखाली घासून पॉलिश केला. सूक्ष्मदर्शकाखाली गार्नेट व पायरॉक्सीन ही खनिजे जागच्या जागी होती, त्यांच्यामधल्या फटी मात्र रिकाम्या. तिथे सोडियमयुक्त कार्बोनेटचा द्राव गोठलेला होता, आणि सोडियम कार्बोनेट म्हणजे आपला धुण्याचा सोडाच. तो पाण्यात टिकत नाही हे मला सुचायला हवे होते. तीन दिवसांचा प्रयोग नळाखाली वाहून गेला.

पण हाच सोडियम वितळण्याचे तापमान खाली आणतो. मिश्रणातून तो वगळला, तर कार्बोनेट सुखरूप खोल जाते असा फसवा निष्कर्ष निघू शकतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये सागरी कवचाशी मिळतीजुळती, सोडियम असलेली मिश्रणे ३ ते २१ गिगापास्कल दाबाखाली तापवून दाखवले की बहुतेक बुडणाऱ्या भूपट्टांतले कार्बोनेट सुमारे ३०० ते ७०० किलोमीटरांदरम्यान वितळते. तो द्राव भूपट्टाच्या वर असलेल्या प्रावरणातल्या (कवचाखालच्या जाड थरातल्या) ऑक्सिजनची वानवा असलेल्या खडकाशी भिडला की त्यातल्या कार्बनचा हिरा होऊ शकतो.

काळाची शंका मात्र रास्त आहे, कारण लाखो वर्षांची प्रक्रिया आम्ही काही तासांत किंवा दिवसांत उरकतो. म्हणून तोच प्रयोग अधिक वेळ चालवून खनिजांची घडण बदलते का ते तपासतो, आणि गार्नेटच्या कणाचा गाभा व कड यांची रासायनिक रचना वेगळी आढळली तर प्रक्रिया पुरी झाली नाही असे समजून तो नमुना बाद करतो, मग पॉलिश कितीही सुरेख, आणि अर्थातच कोरडे, झालेले असो.