कपाटाची उजवी बाजू

जूनच्या शेवटच्या आठवड्यात एका शाळेच्या क्रीडाशिक्षकांचा फोन आला. "भाऊ, कपाट उघडलं अन् सगळं पांढरंफटक दिसून राहिलं. फेकून देऊ का?" सीताबर्डीत खेळाचं सामान दुरुस्त करायचं माझं छोटं दुकान आहे. पावसाच्या तोंडावर असे फोन येतात, पण ते एखाद्या ग्लव्हजसाठी. म्हटलं, काही फेकू नका, मी येतो.

कुबट वास व्हरांड्यातच आला. बॅटिंग ग्लव्हज, कीपिंगचे दोन जोड, बॉक्सिंगचे चार, पॅड आणि पोतंभर लेदर बॉल. छत गळालं म्हणून सर वर बोट दाखवत होते. मला ते पटेना. गळती डाव्या कोपऱ्यात होती आणि बुरशी दाट होती ती उजवीकडच्या खणांत.

सगळं सामान आवारातल्या कडुनिंबाखाली नेलं. खोलीतच झटकलं असतं तर ती भुकटी उडून चांगल्या सामानावर बसली असती, शिवाय नाकात गेली असती. तोंडाला दुपट्टा बांधून मऊ ब्रशने कोरडंच झाडलं. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसलं. आधी आतल्या बाजूला थोडं लावून रंग जातो का ते पाहिलं. पॅड रेक्झिनचे, ते पुसताच साफ झाले. बॅटिंग ग्लव्हजच्या तळव्याचं कातडं मात्र नाजूक, तिथे हात हलका ठेवावा लागतो. ऊन पडलं तसे सर म्हणाले, उन्हात टाका. तसं केलं तर ते कातडं पापडासारखं होतं. आत कागदाचे बोळे कोंबून सावलीत, पंख्यासमोर ठेवले.

दोन जोड आधीच लाकडासारखे कडक होते. सरांनीच पोरांना जवसाचं तेल लावायला सांगितलं होतं, बॅटला लावतो तसं! जवसाचं तेल वाळून घट्ट थर धरतं. बॅटला तेच हवं असतं, हाताच्या कातड्याला नको. खोबरेलही नको, ते खवट होतं. पूर्ण वाळल्यावर लेदर कंडिशनर, तेही बोटभर, बस.

बॉलची गंमत निराळी. पाच-सहा बॉलवरचा पांढरेपणा पाहून सर हळहळले. मी शाळेतूनच हेअर ड्रायर मागवला (नाटकाच्या सामानात निघाला!) आणि गरम हवा मारली. पांढरं विरघळून गेलं. ती बुरशी नव्हतीच, कातड्यातलं मेण वर आलं होतं. बुरशी अशी वितळत नाही.

बॉक्सिंगच्या दोन जोडांत हात घातला तर आतला फोम अजून ओलसर. मेच्या शिबिरानंतर घामासकट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले. बुरशी आतवर गेलेली. ते फेकायलाच सांगितले.

कोडं सोडवलं चहा घेऊन आलेल्या शिपाईकाकांनी. "कूलर तर रात्रीबी चालूच राहते. बंद करायचं कोणाच्या ध्यानात नाही." कूलर बरोबर कपाटाच्या उजव्या बाजूवर रोखलेला, खिडक्या बंद. मेच्या कोरड्या रखरखाटात कूलर गारवा देतो. पाऊस सुरू झाल्यावर हवाच दमट, मग तो गार काय करणार, खोलीत नुसती ओल भरत राहतो. आर्द्रता 70 टक्क्यांच्या वर टिकली की घाम मुरलेल्या कातड्यावर बुरशीला आणखी काही लागत नाही.

प्लॅस्टिकऐवजी सुती पिशव्या आणि दाराला जाळी, एवढं सांगून निघालो. आठवड्याने पैसे आणायला गेलो तेव्हा कपाट व्हरांड्यात आलं होतं, भिंतीपासून हातभर दूर. कूलर होता तिथेच, चालू. सर ओशाळून म्हणाले, "स्टाफ ऐकत नाही ना भाऊ."