दुसरा नंबर कुणाचा?

रात्रीचे साडेदहा.

खालच्या मजल्यावरची ती संध्याकाळी मुलीला घेऊन वर आली. हातात उन्हाळी शिबिराचा फॉर्म. आमची भाषा एक नाही. दोघी इथे येऊन शिकलेली तिसरीच भाषा मोडकीतोडकी बोलतो. "सगळं भरलंय, एकच जागा उरलीय," म्हणाली. आपत्कालीन संपर्क: आईवडील सोडून दोन माणसं. एक दीर होता, तोही लांबच्या शहरात. दुसरं कोण?

आमच्या लेकाच्या वेळी याच रकान्यात मी नवऱ्याचाच जुना नंबर भलत्या नावाने लिहिला होता. (कुणाला कळलं नाही. मला अजून ओशाळल्यासारखं होतं.) फी हप्त्याने भरता आली, पण हप्त्याने माणूस कुठून आणायचा?

फॉर्म चाळला. सवलत आहे, पण मिळकतीचा पुरावा हवा. हिची मजुरी रोखीत, पगाराची पावती कसली? शिवाय कागद पुढे कुणाच्या हाती जातील ही धास्ती. म्हणून बाई पूर्ण फी भरून मोकळी.

१८६१ साली कनेटिकटमध्ये फ्रेडरिक गन नावाचे शिक्षक शाळेतल्या पोरांना पायी समुद्रकाठी घेऊन गेले आणि दोन आठवडे तंबूत राहिले. अमेरिकेतल्या उन्हाळी शिबिरांची सुरुवात तिथून मानतात. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातही कलम ३१ मध्ये खेळ हा मुलांचा हक्क म्हटलाय. आणि हा फॉर्म अकरा पानांचा.

नवव्या पानावर हमीपत्र. "हे वाचलंस?" "लेकीने वाचून दाखवलं. नीट वागायचं, असं लिहिलंय." लेक जमिनीकडे बघायला लागली. तिथे इजा आणि मृत्यू हे दोन्ही शब्द ठळक छापलेले; तसं काही झालं तर शिबिराला जबाबदार धरणार नाही, अशी हमी. घरातली दुभाषी तीच आणि जायचंय तेही तिलाच; काय करेल बिचारी!

मी सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी पोहण्याची चाचणी असते, न येणाऱ्यांना उथळ पाण्यातच ठेवतात, हेही. ती बराच वेळ गप्प होती. मग सही केली, लेकीकडे न बघता.

दुसरा नंबर माझा लिहिला.

शिबिराचे दहा दिवस फोन उशाशी ठेवायचा. आणि बोलावणं आलंच तर तिथवर जायला गाडी कुणाची, तेही विचारून ठेवायला हवं. आमच्याकडे गाडी नाही, हे मी तिला सांगितलेलं नाही.