वावरातले फोटो, घरातला क्लाऊड

पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, पाणी साचलं तेव्हा बाबांच्या मोबाईलमध्ये फोटो काढायला जागाच उरली नव्हती. पीकविम्यासाठी नुकसान तेव्हा 72 तासांच्या आत कळवावं लागायचं, आणि आम्ही बांधावर उभं राहून जुने फोटो उडवत होतो. त्यात आजीचे फोटोही गेले. गुगलची फुकटातली 15 जीबी केव्हाच भरली होती. घरातच क्लाऊड, म्हणजे फोटो-फाईली ठेवायची आणि कुठूनही उघडायची आपली स्वतःची जागा, उभारायचं त्या रात्री ठरलं.

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात लाईन कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून जुना लॅपटॉप निवडला. रॅम 4 जीबीच, पण बॅटरी दोन तास चालते, वेगळा यूपीएस लागत नाही. डेबियन ही लिनक्स प्रणाली, मारियाडीबी हा डेटाबेस आणि क्लाऊड चालवणारं नेक्स्टक्लाऊड एका रविवारी बसलं. झाकण लावलं की हा लॅपटॉप-सर्व्हर झोपायचा. डेबियनमधल्या लॉगइनडी (logind) या सेवेच्या सेटिंग फाईलमध्ये 'हँडल लिड स्विच' 'इग्नोर' केल्यावर तो जागा राहू लागला.

खरी दमछाक पुढे झाली. घरच्या वायफायवर सगळं चाले, वावरातून काहीच उघडेना. राउटरमध्ये 443 पोर्ट, म्हणजे बाहेरून वेब जोडणी आत येण्याचं दार, उघडून पाहिला, चार संध्याकाळी त्यातच गेल्या. शेवटी राउटरच्या पानावरचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, नीट वाचला: सुरुवात 100.72 ने. 100.64 ते 100.127 हे पत्ते इंटरनेट कंपनीच्या आतल्या जाळ्याचे असतात. एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटलेला, त्यामुळे बाहेरून आलेली जोडणी आपल्या राउटरपर्यंत पोचतच नाही. हे आधी तपासायला हवं होतं. तुम्ही करणार असाल तर पहिलं हेच बघा.

मग लॅपटॉपवर आणि घरातल्या तिन्ही मोबाईलवर टेलस्केल टाकलं; ते आपल्याच उपकरणांचं खासगी जाळं बनवतं. ते वायरगार्ड या सुरक्षित जोडणीच्या (व्हीपीएन) तंत्रावर चालतं आणि जोडणी आतून बाहेर करतं, म्हणून पोर्ट उघडावा लागत नाही. त्याने लॅपटॉपला दिलेला नवा आयपी नेक्स्टक्लाऊडच्या 'ट्रस्टेड डोमेन्स' यादीत, म्हणजे चालतील अशा पत्त्यांच्या यादीत, घातला, तेव्हा कुठे लॉगिनचं निळं पान वावरात उघडलं. बाबांनी लगेच विहिरीजवळच्या बोंडांचा फोटो काढला. मी घरी फोन करून आईला विचारलं, "दिसतो का?" "दिसते ना, बोंडं काळी पडली बाप्पा," आई म्हणाली.

आता दर रविवारी डेटाबेस आणि फाईली बाहेरच्या डिस्कवर उतरवतो. ती डिस्क दिग्रसला मावशीकडे असते. मागच्या महिन्यात तिच्यातून सातबारा परत काढून पाहिला, नीट उघडला.