पुस्तकांचे वाटे

आठवडी बाजारात आई गोणपाट अंथरून बसायची. तराजू असायचा जवळ, पण गिलके ती तोलून विकत नसे. वाटे लावायची. पाच-सहा गिलक्यांचा एक वाटा, शेजारी हिरव्या मिरचीचा, पलीकडे भरताच्या वांग्यांचा. बाया जाता जाता वाकून विचारायच्या, "केवढाले शे वाटा?" अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव. शाळा सुटली की मीही तिच्याजवळ जाऊन बसायचे. ते सगळं आता आठवतंय, कारण इथे ओहायोत गेले चार महिने मी पुस्तकांचे वाटे लावतेय.

आम्ही लहान घरात राहायला जातोय आणि तीनशेच्या वर पुस्तकं झालीत. बहुतेक लेकीची. इथली सार्वजनिक वाचनालयं जुनी पुस्तकं अगदी स्वस्तात विकायला काढतात, शेवटच्या दिवशी तर पिशवीच्या भावाने. दरवेळी दोन पिशव्या भरून आणल्या. आता लेक मोठी झाली. आपल्याकडे असतं तर रद्दीवाला दारात येऊन किलोवर घेऊन गेला असता. इथे तो नाही, आणि चांगली पुस्तकं कचऱ्याच्या डब्यात टाकायला माझा हात धजत नाही.

म्हणून ईबे या ऑनलाइन विक्रीच्या साइटवर लिलाव. सुटं पुस्तक विकायला गेलं तर हाती काही लागत नाही. तीन डॉलरचं पुस्तक, त्याला चार डॉलरचं टपाल, वर साइटचं कमिशन. गिऱ्हाईक कशाला घेईल? दहा-बारा एकत्र केली की टपाल वाटून जातं आणि त्यालाही परवडतं. इथे त्याला लॉट म्हणतात.

लिलाव म्हटलं की मला बाबा आठवतात. दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, घेऊन ते बाजार समितीत जायचे. ढीग ओतला की व्यापारी एका ढिगावरून दुसऱ्यावर सरकत, तळहातावर मूठभर दाणे घेऊन बोली लावत. बघता बघता भाव ठरायचा. पटला नाही तरी माल पुन्हा भरून भाड्याच्या गाडीने परत आणणं परवडायचं नाही. इथे सुरुवातीची किंमत माझी मी ठरवते आणि लिलाव सात दिवस चालतो. गिऱ्हाईक आपली कमाल रक्कम आधीच भरून ठेवतं, ती कोणालाच दिसत नाही. समोर दुसरा कोणी आला की साइट पहिल्याच्या वतीने लागेल तेवढीच बोली वाढवते. खरी चढाओढ शेवटच्या दोन मिनिटांत होते. म्हणून मी लिलाव रविवारी संध्याकाळी संपेल असा लावते, लोक तेव्हा घरी असतात.

पहिला लॉट मात्र वाया गेला. हाताला लागली ती सव्वीस पुस्तकं एका खोक्यात भरली: चित्रांची, गणिताची, दोन पाककृतींची, एक कुत्रा पाळण्याबद्दलचं. ९९ सेंटला सुरुवात केली, एकच बोली आली आणि तेवढ्यालाच गेलं. खोकं न तोलता टपाल अंदाजाने लिहिलं होतं, तो फरकही खिशातून भरला. रात्री आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "वांगं नि मिरची एकच वाटामा कोन लावस वं?"

त्या एका वाक्यावर मी सगळी पुस्तकं जमिनीवर उतरवली. विषयावर नाही, घेणाऱ्यावर वाटे लावले. नुकतं वाचायला लागलेल्या पोराच्या आईसाठी एक. नव्या शिक्षिकेला वर्गात ठेवायला लागतील अशा पातळ गोष्टींचा एक. एका मालिकेचे बारा भाग होते, त्यातला सातवा नव्हता. तो तीन डॉलरला विकत आणला, आणि तो वाटा एकतीस डॉलरला गेला. सातव्याशिवाय त्याला निम्मेही आले नसते, असं मला वाटतं.

फोटो काढताना सगळ्या पुस्तकांचे कणे, म्हणजे नाव छापलेली कड, एका ओळीत ठेवते, नावं वाचता आली पाहिजेत. मग एकेक पुस्तक उघडून पाहते. वाचनालयाचा शिक्का, दुमडलेलं पान, पेन्सिलच्या खुणा, सगळं लिहिते. एका पुस्तकात ससा आहे आणि लेकीने त्याचे दोन्ही कान जांभळ्या खडूने रंगवलेत. तेही लिहिलं, फोटोही टाकला. वाट्यात खाली जून गिलकं दडवलं तर पुढच्या बाजारी गिऱ्हाईक पाठ फिरवतं, हे मी लहानपणीच पाहिलंय.

इथल्या टपाल खात्याची एक सोय मला फार आवडते. पुस्तकांसाठी 'मीडिया मेल' नावाचा वेगळा, स्वस्त दर आहे. पैसे वजनावर लागतात, अंतरावर नाही. खोकं शेजारच्या गावी जावो की कॅलिफोर्नियाला, दर तोच. ७० पौंडांपर्यंत, म्हणजे साधारण ३२ किलो चालतं. आत जाहिराती असलेली मासिकं घालता येत नाहीत, आणि खोकं उघडून तपासायचा हक्क टपाल खात्याला आहे. पोचायला जरा वेळ लागतो, पण पुस्तकाला कसली घाई?

ईबे ही साइट १९९५ मध्ये पिएर ओमिड्यार यांनी सुरू केली. तिथे विकलेली पहिली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलरला. घेणाऱ्याला तो बिघडलेला आहे हे कळलंय ना, असं विचारलं तेव्हा तो म्हणाला की मी बिघडलेलेच जमवतो, असं सांगतात. मला ही गोष्ट खरी वाटते, कारण कुत्रा पाळण्याबद्दलची तीन पुस्तकं एकत्र लावली तेव्हा त्यांच्यावर चौघांनी बोली लावली.

आजवर बावीस वाटे गेले. कादंबऱ्यांचा एक मात्र दोनदा लावूनही उठला नाही. संध्याकाळपर्यंत न उठलेला वाटा आई मोडायची आणि त्यातला माल दुसऱ्या दोन वाट्यांवर चढवायची. आज दुपारी तो मोडला. चार कादंबऱ्या रहस्यकथांच्या वाट्यात गेल्या, पाच प्रवासवर्णनांजवळ शोभल्या. उरलेली दोन उशाशी ठेवलीत. ती मीच अजून वाचलेली नाहीत.